‘घरात कुणाला सांगू नका’

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर इथेच कळेल. आई ७४ वर्षांच्या, इंदूरला लोकमान्य नगरात राहतात. बाबा गेल्यापासून फॅमिली पेन्शन येतं. नोव्हेंबरात ‘पेन्शन ऑफिस से बोल रहे हैं, जीवन प्रमाण अपडेट नहीं हुआ’ असा फोन आला, त्यांनी ओटीपी सांगितला आणि खात्यातून १ लाख ४० हजार गेले. नऊ दिवस त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत. कळल्यावर तुमच्या भावाने चिडून त्यांचा फोन आणि पासबुक ताब्यात घेतलं. शिवाय वरच्या मजल्यावर राहणारा तुमचा चुलतभाऊ त्यांचं एटीएम कार्ड वापरतो, आवाज चढवून बोलतो आणि परवा कसल्याशा कागदावर सही मागत होता. तुम्ही पुण्यात. पैसे परत मिळतील का, आई पुन्हा फसू नये म्हणून काय करायचं आणि चुलतभावाला आवरायचं कसं, हे तुम्ही विचारलंय.

मी इंदूरच्याच शाखांमध्ये ३३ वर्षं बँकेची नोकरी केली, मार्च २०२५ मध्ये निवृत्त झाले. आता आठवड्यातून दोन सकाळी रामबागेत आपल्या मराठी ज्येष्ठ मंडळींचे बँकेचे कागद बघून देते. त्या अनुभवातून सांगते.

आधी एक छोटं काम, जे अशा गडबडीत हमखास राहून जातं. हयातीचा दाखला, म्हणजे त्या फोनमध्ये म्हटलेलं ‘जीवन प्रमाण’, खरोखर दिला गेला का ते बघा. फोन चोराचा होता, पण मुदत खरी होती. ती ३० नोव्हेंबरला संपली. (८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो, बाकीच्यांना १ नोव्हेंबरपासून.) चोराला ‘दाखला दिला’ असं समजून आई निश्चिंत बसल्या असतील तर पेन्शन थांबेल, आणि एका फसवणुकीवर दुसरा घोर लागेल. घाबरू नका, उशिरा दिला तरी थांबलेलं पेन्शन थकबाकीसह सुरू होतं. बँकेत जाऊन देता येतो, मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, नाहीतर पोस्टमन घरी येऊन करून देतो, त्याचे ७० रुपये. पेन्शनचं काम बघणारं ऑफिस फोनवर ओटीपी विचारून दाखला घेतच नाही.

आता गेलेल्या पैशांचं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला नसेल तर आज करा, नऊ दिवस झाले म्हणून सोडू नका. तो फोन किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरची तक्रार म्हणजे नुसती नोंद नसते. पैसा ज्या खात्यात गेला त्या बँकेला निरोप जातो, तिथून पुढे ज्या खात्यात सरकला त्या बँकेला जातो, आणि वाटेत जिथे जेवढा सापडेल तिथे तेवढा अडवून ठेवतात. पहिल्या एक-दोन तासांत फोन झाला तर बरंच काही अडकतं. नऊ दिवसांत पैसा चार-पाच भाड्याच्या खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेला असतो, हे खरं. पण कधी कुठल्याशा खात्यात १२ हजार, कुठे २० हजार पडून राहिलेले मी पाहिलेत, आणि अडवलेली रक्कम परत मिळू शकते. तक्रारच नसेल तर मात्र ते पैसे कुणाचे हे सांगायला कुणी नाही. तक्रारीचा क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (व्यवहार ओळखण्याचा बँकेचा आकडा) आणि वेळ एका कागदावर लिहून ठेवा. पुढे दहा ठिकाणी तेच विचारतील.

बँकेचं गणित वेगळं आहे आणि तिथे एक खाचखळगा आहे, तो जरा सावकाश सांगते.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हा नियम घातला. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कुणीतरी डल्ला मारला, अशा वेळी ग्राहकाने बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याचं नुकसान शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत झळ. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. पण ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते.

खाचखळगा असा: आईंनी ओटीपी ‘सांगितला’ हे तुम्हाला कुणी सांगितलं? बँकेतल्या खिडकीवर पहिला प्रश्न असतो, ‘ओटीपी सांगितलात ना?’ समोरची बाई आधीच शरमलेली असते, ती मान हलवते. ते वाक्य अर्जात उतरतं आणि पुढचं सगळं प्रकरण त्या एका वाक्यावर चालतं. माझ्याकडे एक काकू आल्या होत्या, त्यांच्याही अर्जात असंच. नीट विचारलं तर त्यांनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका म्हणून एक फाइल आली, ती उघडली आणि तिने फोनमधले संदेश परस्पर वाचले. आमच्याकडे लग्नसराईत असल्या पत्रिका, एरवी चलानाच्या नावाच्या फाइली, अशी वरात चालूच असते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असं लिहिलेलं असलं की ती पत्रिका नव्हे, फोनमध्ये बसणारा चोर. तर आईंजवळ बसा, हातात चहा द्या, आणि क्रमाने विचारा. आधी कुणाचा फोन आला, मग त्याने काय करायला सांगितलं, काही डाउनलोड करायला लावलं का, फोनचा पडदा आपोआप हलत होता का. ‘कशाला सांगितलंस?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारायचा नाही. खरं काय घडलं ते लिहून बँकेत द्या, तारखेचा शिक्का मारून प्रत घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, वकील लागत नाही, फी नाही.

आणि त्यांनी खरंच ओटीपी सांगितला असेल तर तसंच लिहा. खोटं लिहून केस जिंकता येत नाही, उलट पोलिसांच्या जबाबात आणि बँकेच्या अर्जात फरक पडला की दोन्ही ठिकाणी आई उघड्या पडतात.

एवढ्यात त्यांना आणखी एक फोन येईल. आला नसला तर येणारच, असं समजा. ‘आपके पैसे रिकवर हो गए हैं, फाइल चार्ज भर दीजिए.’ एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात. कधी हा माणूस सायबर पोलीस म्हणवतो, कधी वकील. गेलेला पैसा परत देण्यासाठी आधी पैसा मागणारा तो पहिल्याचाच भाऊबंद. माझ्याकडे येणाऱ्यांत दुसऱ्यांदा फसलेले लोक पहिल्यांदा फसलेल्यांपेक्षा जास्त खचलेले असतात, कारण दुसऱ्या वेळी ते घरी बोलतच नाहीत.

तुमच्या मजकुरात मला सगळ्यात जास्त खटकले ते हेच, नऊ दिवस. त्यावरून एक आठवलं ते सांगते.

नोव्हेंबर २०२४, निवृत्तीला चार महिने राहिले होते. आमच्या शाखेत एक निवृत्त मास्तर यायचे, वय ८० च्या आसपास, दर सोमवारी, खांद्याला कापडी पिशवी. त्या दिवशी गुरुवार होता आणि पिशवी नव्हती. शर्टाच्या खिशात मोबाइल उभा, कॅमेरा बाहेरच्या बाजूला. तीन मुदत ठेवी मोडून सगळी रक्कम परराज्यातल्या कुठल्याशा फर्मच्या खात्यात पाठवायची होती. कारण? ‘प्लॉट घेतोय.’ मी विचारलं, कुठे? त्यांनी उत्तर द्यायच्या आधी खिशाकडे पाहिलं.

मी मुद्दाम मोठ्याने हिंदीत म्हटलं, ‘सर, सिस्टम स्लो है, दस मिनट बैठना पड़ेगा.’ आणि पैसे काढायच्या स्लिपच्या मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहून ती त्यांच्याकडे सरकवली. ‘खिशातल्या फोनवर कुणी ऐकतंय का? बोलू नका, मान हलवा.’ मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला, स्लिप पुन्हा वाचली. मान हलवली नाही. माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली लिहिलं, ‘मुलाला अटक करतील.’ अक्षर फळ्यावरचं, वळणदार, एक काना सुटला नव्हता.

मी काउंटरबाहेर जाऊन तो फोन खिशातून काढला आणि बंद केला. परत चालू केला तर पंधरा मिनिटं वाजत राहिला, आणि दर वेळी मास्तर खुर्चीतून अर्धे उठायचे. दोन दिवस ‘सीबीआय’वाल्यांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर कोंडलं होतं. घरात काकू होत्या, त्यांना सांगितलं होतं सर्दी झालीय, दुसऱ्या खोलीत झोपतो. बँकेत येताना ‘दूध आणतो’ म्हणून निघाले होते. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, ‘बाई, डिजिटल अरेस्टचं मी पेपरात वाचलं होतं. लोक कसे फसतात म्हणून हसलो होतो.’

म्हणजे माहिती होती. महिनाभरापूर्वीच, २७ ऑक्टोबरला, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं की डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही. मास्तरांनी तेही ऐकलं असणार. पण त्या खोलीत माहिती कामाला आली नाही. त्यांना ‘घरात कुणाला सांगू नका, नाहीतर त्यांनाही आरोपी करू’ असं बजावलं होतं, आणि त्यांनी आयुष्यभर जसं केलं तसंच केलं: संकट स्वतःच्या अंगावर घेतलं, घरच्यांना झळ लागू दिली नाही. आपल्या मराठी घरातली ही पिढी आहे ना, तिचा जो गुण, तोच चोराच्या कामाचा. मध्येच फोन ठेवणं यांना असभ्य वाटतं. ‘अहो, तो बिचारा बोलत होता, कसा ठेवू?’ हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, फसलेल्या माणसाच्या तोंडून.

म्हणून मी रामबागेत आता ‘ओटीपी देऊ नका’ हे शेवटी सांगते. आधी सांगते की कुठलाही माणूस, मग तो पोलीस असो, बँकवाला असो, पुतण्या असो की सोसायटीचा सेक्रेटरी, ‘हे घरात सांगू नका’ म्हणाला की त्याच क्षणी घरात सांगायचं. आणि दुसरं, फोन ठेवायचा. ‘मुलीला विचारून सांगते’ असंही म्हणायचं नाही, कारण मग तो मुलीबद्दल बोलायला लागतो. नुसता ठेवायचा. आम्ही याची तालीम करतो, एक जण दरोगा होतो आणि दुसऱ्याने मध्येच कट करायचा. पहिल्या खेपेला निम्म्यांच्याने होत नाही. एक आजी तर कट करण्याआधी ‘बरं, ठेवते हं’ म्हणाल्या.

भीती घालवायला कायद्याच्या दोन-तीन गोष्टी पाठ करून ठेवलेल्या बऱ्या. ६० वर्षांवरील पुरुषाला आणि कुठल्याही वयाच्या बाईला साक्षीदार म्हणून चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांना घरी यावं लागतं. नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम १७९ मध्ये हे आहे. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. अगदी अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर बाईला अटक करत नाहीत. आईंना हे तुम्ही फोनवर एकदा सांगून भागणार नाही. मोठ्या अक्षरात लिहून फोन चार्जिंगला लावतात त्या जागी चिकटवा.

आता तुमच्या भावाबद्दल, थोडं कडू आहे. त्याने फोन आणि पासबुक काढून घेतलं ते काळजीपोटी, मला मान्य. पण आईंच्या बाजूने बघा. एका चोराने पैसे नेले, पुतण्या कार्ड नेतो, मुलगा पासबुक नेतो. तिघांत फरक आहे हे तुम्हाला-मला कळतं, पण त्यांच्या हातात उरलं काय? पुढच्या वेळी काही घडलं तर नऊ दिवस नाही, नऊ महिने बोलणार नाहीत, कारण बोलल्यावर काय होतं ते त्यांनी पाहिलं. पासबुक परत द्या. फोनही द्या. भावानेच द्यावा, जमलं तर ‘मी उगाच ओरडलो’ एवढं म्हणून. हे झालं नाही तर खाली मी सांगतेय त्यातलं काही चालणार नाही.

मोकळीक ठेवायची आणि तिजोरीही राखायची, त्याला बँकेत सोय आहे. पेन्शनचं खातं वेगळं ठेवा, त्याला यूपीआय नको, नेट बँकिंग नको. दुसरं छोटं बचत खातं काढा, महिन्याला आठ-दहा हजार त्यात आपोआप वळते करायची सूचना द्या. फोनमध्ये यूपीआय फक्त या छोट्या खात्याचं. भाजी, औषध, सराफ्याच्या खाऊगल्लीत नातवंडांना खाऊ, सगळं यातून. चोर शिरलाच तर दहा हजारांवर त्याचं काम आटोपतं आणि आईंना स्वतःचे पैसे खर्चायला कुणाचं तोंड बघावं लागत नाही. एटीएमची दिवसाची मर्यादा अर्ज देऊन कमी करता येते. मुदत ठेव ऑनलाइन मोडता येणार नाही अशी करून घ्या. काही शाखांत कुरकुर करतात, लेखी मागा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, म्हणजे कुठल्याशा दुकानातल्या मशीनवर अंगठा लावून पैसे निघत नाहीत. लागेल तेव्हा उघडता येतं. ७० च्या पुढच्यांना रोख रक्कम, चेक वगैरे घरपोच देण्याघेण्याची सेवा बँकांनी द्यायची असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच सांगून ठेवलंय, शाखेत विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही. बँकेचे खरे फोन आता १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून येतात. पण आईंना हा आकडा शिकवण्यापेक्षा ‘पासबुकावरच्या नंबरवर आपण उलट फोन करायचा’ हे शिकवा, ते जास्त टिकतं.

यूपीआयबद्दल एकच वाक्य, कारण याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तरी लोक विसरतात: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेलेच.

चोर स्थानिक भाषा बोलतो, हे लक्षात असू द्या. मध्य प्रदेशात ‘समग्र आयडी की ई-केवायसी’ हे खरं सरकारी काम आहे, म्हणून त्याच नावाने फोन येतात. ‘आज रात साढ़े नौ बजे बिजली कट जाएगी’ हा संदेश तर जुना झाला तरी अजून पाच-दहा जण दर उन्हाळ्यात त्यात सापडतात. आणि शेअरच्या टिप्स देणाऱ्या ॲडव्हायझरी हे इंदूरचं आपलंच देणं, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने या शहरातल्या कितीतरी जणांवर कारवाई केली. त्यामुळे ‘ग्रुपमध्ये सगळ्यांना नफा होतोय’ ऐकलं की इंदूरच्या माणसाने तरी कान टवकारायला हवेत. निवृत्त पुरुष यात जास्त जातात. ओटीपीला बायका फसतात आणि नफ्याला पुरुष, असा माझा हिशेब आहे, पण तो मी पुरुषांसमोर बोलत नाही.

आता वरच्या मजल्यावरचा चुलतभाऊ.

खिडकीमागे बसून एक गोष्ट शिकले. म्हाताऱ्या माणसावर दबाव आहे की नाही हे त्याच्या बोलण्यावरून कळत नाही, सोबत आलेल्याच्या हातावरून कळतं. पासबुक कुणाच्या हातात आहे? ‘किती काढायचेत काकू?’ विचारल्यावर उत्तर कोण देतं? सही करताना म्हातारी कागदाकडे बघते की शेजारच्याकडे? मी अशा वेळी सोबतच्या माणसाला पाणी आणायला किंवा झेरॉक्सला पाठवायची. चार मिनिटं मिळायची. तेवढ्यात बाई खरं बोलायच्या, किंवा ‘नाही हो, चांगला आहे तो’ म्हणायच्या आणि तेही खरं असायचं. तुम्हीही आधी ही चार मिनिटं मिळवा. वाईटच गृहीत धरू नका. पुतण्या त्यांना रात्री दवाखान्यात नेत असेल, गॅस लावून देत असेल. हे सगळं करणारा माणूसही हळूहळू मालकासारखा वागायला लागतो, आणि आईंना त्याची गरजही असते आणि धाकही.

कार्ड आधी. जुनं कार्ड बंद करून नवं घ्या, पिन आईंना पाठ होईल असा. कार्ड आणि पिन दुसऱ्याला देणं बँकेच्या दृष्टीने ग्राहकाचीच चूक, त्यातून पैसे गेले तर बँक जबाबदार नाही. पुतण्या घरात सामान आणून देत असेल तर त्याचा हिशेब महिन्याच्या महिन्याला, वहीत लिहून, चेकने किंवा त्या छोट्या खात्यातून. प्रामाणिक असेल तर त्यालाही बरं वाटेल. चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

कागद जास्त गंभीर. आईंनी सही केली की नाही, आणि कागद कसला, हे लगेच शोधा. बक्षीसपत्र, मुखत्यारनामा, हक्कसोडपत्र, तिन्ही वेगळे. मुखत्यारनामा जिवंतपणी रद्द करता येतो, तो लेखी रद्द करून बँकेला आणि संबंधित ऑफिसला कळवा. बक्षीसपत्र नोंदणी झालं की घर गेलं असं समजतात, पण ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं मानून रद्द करता येतं. घेणारा मुलगाच असावा असं नाही, पुतण्याही चालतो. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अट असल्याचं दिसायलाच हवं असं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्याच एका आईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचला आणि मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. तरी कोर्टाच्या उदारपणावर विसंबू नका. कुणाला काही द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा. ते हयातीत कितीदाही बदलता येतं. द्यायचंच असेल तर सांभाळण्याची अट कागदात शब्दांत लिहा. आणि मुदत ठेवींवर दुसरं नाव घालताना ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ आणि ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ यांतला फरक विचारून घ्या. पहिल्यात मुदत पुरी झाल्यावर दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतो, दुसऱ्यात आई असेपर्यंत फक्त आई. माझ्या टेबलाशी निम्म्या घरांना हे माहीत नसतं, कारण फॉर्मवरची ती खूण क्लार्कने परस्पर केलेली असते.

तक्रार करायची झाली तर ज्येष्ठांच्या या २००७ च्या कायद्याचं न्यायाधिकरण एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे असतं, आपल्याकडे मोती तबेल्यातल्या कलेक्टर कचेरीत चौकशी करा. साधा अर्ज चालतो, वकील लागत नाही. पण त्याआधी वरचा मजला कुणाच्या नावावर आहे ते काढा. काकांचा वाटा असेल तर पुतण्याला घराबाहेर काढणं हा विषयच नाही, तो वेगळा दिवाणी वाद. ते एकत्र कुटुंब म्हणून राहत असतील आणि शिवीगाळ, धमकी चालू असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचा रस्ता आईंनाही खुला आहे. तो फक्त सुनांसाठी नाही. हात उचलला तर ११२, विचार करत बसायचं नाही. नुसतं कुणाशी बोलायचं असेल, सल्ला हवा असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. मी स्वतः लोकांना तिथे फोन लावून दिलाय, माणसं ऐकून घेतात.

यातलं सगळं करायला लागणार नाही कदाचित. माझ्या पाहण्यात दमदाटी सगळ्यात आधी थांबते ती घरात बाहेरची माणसं येऊ लागली की. आईंकडे दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी कुणी यायला हवं: भजनी मंडळातल्या बाई, शेजारच्या वहिनी, तुमची शाळेतली मैत्रीण. पोहे खायला, कारण नसताना. ज्या घराची बेल वाजते त्या घरात आवाज जपून चढतो.

तुम्ही सुट्टीत याल तेव्हा एक दिवस बँकेसाठी ठेवा. पासबुक, आधार, पॅन, पेन्शनचे कागद, सगळी पिशवी आईंच्या खांद्याला. खिडकीशी त्या उभ्या राहतील, तुम्ही आणि भाऊ मागच्या बाकावर बसा. क्लार्क तुमच्याकडे बघून विचारेल, ‘मॅडमना काय हवंय?’ तुम्ही उत्तर द्यायचं नाही. वेळ लागेल, रांगेतले लोक चुळबुळ करतील, लागू दे. स्लिपवर रक्कम त्यांनाच लिहू द्या, अक्षर वाकडं आलं तरी.